गूळ जरा कमी, काकी!

‘शुगर-फ्री आहे, गुळाचं आहे!’ हे वाक्य ऐकलं की आपलं डोकं जाम सटकतं, बॉस. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. थोडी खनिजं जास्त, चव लाख पटीनं भारी, पण कॅलरींचा हिशेब जवळपास सेम! जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा छोटे चमचे. काकवी, मध, गूळ, सगळे यातच धरायचे.

हा हिशेब माझ्या डोक्यात शिरला तो स्कोन्समुळे. स्कॉटलंडचा हा चहासोबतचा प्रकार, पूर्वी तव्यावर भाजायचे. पारंपरिक कृतीत पाव किलो मैद्याला जेमतेम दोन मोठे चमचे साखर. फुगवायचं काम बेकिंग पावडर करते, त्यामुळे साखर आणखी कमी केली तरी स्कोन तक्रार करत नाही. गोडवा येतो तो वरच्या जॅममधून. तो किती थापायचा, हे आपल्या हातात!

मग आपल्या धोंडसाचं काय? रेडीला काकीकडे गेले तेव्हा हेच डोक्यात होतं. रेडी म्हणजे वेंगुर्ल्याचं शेवटचं टोक. 1976 मध्ये सापडलेला द्विभुज गणपती, लोहखनिजाच्या खाणी, यशवंतगड, आणि शेजारी लगेच गोव्याचं तेरेखोल. त्याच गोव्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त, 26.4 टक्के, असं आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं. हद्दीच्या अलीकडे काय वेगळं असणार? आमचे काका चहा बिनसाखरेचा पितात आणि धोंडसाच्या तीन वड्या आरामात उडवतात. का, तर ‘गुळाचा आसा’!

धोंडस म्हणजे जून तवशाचा केक. तवसं किसायचं, पाणी पिळायचं नाही. त्यातच गूळ विरघळवायचा, भाजलेला तांदळाचा रवा, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ-हळद घालून शिजवायचं. मग टोपात हळदीचं पान घालून वर-खाली निखारे. ओव्हनचा शोध आमच्या आजीनं आधीच लावला होता, यू नो!

काकीला गूळ कमी करायला सांगितलं, तर उत्तर तयार: ‘गूळ नाय तर ता धोंडस कसला गो बाय?’ आणि खरं सांगू, तिच्या बोलण्यात पॉइंट होता. इथला गूळ नुसता गोडीसाठी नसतो. तो ओलावा धरून ठेवतो, वरचा तांबूस रंगही त्याचाच. म्हणजे स्कोनचा फंडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

शेवटी तीन छोटे टोप लावले. प्रत्येकात पाव किलो रवा. गूळ 150, 100 आणि 60 ग्रॅम. 60 चं धोंडस फिकट झालं, सुरी लावताच भुगा. 100 चं मात्र सॉलिड! त्यात अर्धी वाटी नारळाचं दाट दूध जास्त घातलं होतं, म्हणून मऊपणा टिकला. वेलची दुप्पट आणि मीठ किंचित सढळ, की जीभ गुळाची फार चौकशी करत नाही. बारा वड्या पाडल्या, तर एका वडीत जेमतेम 8 ग्रॅम गूळ.

अर्थात रवा तांदळाचाच, खोबरंही भरपूर. डायबेटिसवाल्यांनी एक वडी, तीही जेवणाच्या हिशेबात धरून. तीन वड्यांना माझी परवानगी आहे, असं कुणी काकांना सांगू नका, प्लीज.

शहरात निखारे कुठून आणणार? ओव्हन 180 डिग्रीला आधी तापवा, पाऊण तास ठेवा, सुरी स्वच्छ बाहेर आली की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही. गूळ कमी आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी थोडं कोरडं पडतं. काकी तेव्हा वडी तव्यावर थेंबभर तूप सोडून परतते. कडा कुरकुरीत होतात, आणि त्या वडीसाठी घरात भांडणं लागतात.