हॉटेल हलवताना काय सोबत न्यायचं?

जुनं हॉटेल जागा बदलतं तेव्हा भांडी, शेगड्या आणि पाटी हलवायला एक टेम्पो पुरतो. आचारी तोच राहिला तर चवही सोबत जाते. एका चहावर तासभर बसायची मुभा आणि ज्याचं नावही ठाऊक नाही अशा माणसासमोर बसून बोलायची सवय मात्र टेम्पोत चढत नाही. आज आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी हॉटेलांपुढे रस्तारुंदी, पुनर्विकास किंवा जागामालकाची नोटीस उभी आहे. म्हणून या वेळी त्याबद्दलच लिहितो.

नोकरीसाठी मी बेंगळुरूत राहतो, तेव्हा पहिलं उदाहरण इथलं. महात्मा गांधी रोडवर १९५९ पासून इंडिया कॉफी हाउस होतं. फिल्टर कॉफी, टोस्ट-अंडी, डोसा, मटण कटलेट, आणि पांढऱ्या गणवेशात, डोक्याला फेटा बांधलेले वेटर. जागामालकाशी चाललेला न्यायालयीन वाद हरल्यावर एप्रिल २००९ मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली. जवळपास पन्नास वर्षांचा मुक्काम हलला. त्याच वर्षी जवळच चर्च स्ट्रीटवरचं प्रीमियर बुकशॉप बंद झालं, आणि एमजी रोड मेट्रोसाठी उकरला जात होता. जुनं बेंगळुरू संपलं, असं लोक म्हणत होते.

कॉफी हाउस मात्र संपलं नाही. एमजी रोडला समांतर असलेल्या चर्च स्ट्रीटवर, ब्रिगेड गार्डन्स या संकुलात ते थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झालं. जुनी जागा मी पाहिलेली नाही. ऑफिसातले वयाने मोठे सहकारी सांगतात की तिथून रस्ता दिसायचा, समोरची झाडं दिसायची, ती मजा नव्या जागेत नाही. असेलही. पण मी ओळखतो त्या नव्या जागेत एक कॉफी घेऊन तासभर बसलं तरी कुणी समोर बिल आणून आपटत नाही. शेजारच्या टेबलावर निवृत्त कारकून असतात, वकील असतात, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेली पोरं असतात, आणि पुस्तक उघडून एकटी बसलेली मुलगीही असते. इथे पत्ता बदलला, बसणं तेच राहिलं.

हे कशामुळे जमलं? कॉफी हाउसची साखळी मुळात कॉफी बोर्डाची होती. १९५७ च्या सुमारास बोर्डाने कॉफी हाउसेस बंद करायचं ठरवलं आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी ठिकठिकाणी सहकारी संस्था काढल्या आणि हॉटेलं स्वतः चालवायला घेतली. बेंगळुरूची संस्था त्यांतलीच. म्हणजे जागा भाड्याची असली, तरी धंदा तिथे काम करणाऱ्यांचा होता. जागा गेली तेव्हा दुसरी शोधण्याची निकड त्यांच्या पोटाशी बांधलेली होती. मुलगा परदेशात गेला, धंदा नको म्हणाला, म्हणून दार लागलं, असं तिथे व्हायचं कारण नव्हतं.

मुंबईत उलट घडलं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या व्हरांड्यात १९६४ साली सुरू झालेलं समोवार मार्च २०१५ मध्ये बंद झालं. चित्रकार, पत्रकार, प्रेमात पडलेली पोरं, सगळ्यांचा तो अड्डा होता. शेवटच्या आठवड्यांत निरोप द्यायला गर्दी लोटली. त्या गर्दीत प्रेम होतं, पण ती जमली तोवर ठरायचं ते ठरून गेलं होतं.

‘एका हॉटेलाचं एवढं काय,’ असं कुणी म्हणेल, तर त्याला आपल्याच इतिहासात डोकवायला सांगावं. कॉफी येमेनच्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी जवळ केली. १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग याने तिच्यावर बंदी घातली. कारण धर्माचं सांगितलं गेलं, पण लोक एकत्र बसतात आणि बोलतात ही चिंता त्यामागे होती. कैरोच्या सत्तेने ती बंदी टिकू दिली नाही. सतराव्या शतकात इस्तंबूलमध्ये सुलतान चौथ्या मुरादने कॉफीची दुकानंच बंद करवली. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाउस पाडलं गेलं. सरकारविरोधी गप्पांचा अड्डा अशी त्याची ओळख होती. नंतर ते मोहन सिंग प्लेस इमारतीत गेलं आणि तिथे चालत राहिलं. काळ वेगळे आणि राज्यकर्ते वेगळे, पण लोक बसून बोलतात ती जागा त्या सगळ्यांना खुपली.

भारतात कॉफी आली तीही अशाच एका प्रवासातून. बाबा बुदन नावाच्या सूफींनी हजहून परतताना येमेनहून सात बिया आणल्या आणि चिक्कमगळूरूच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. तो डोंगर आज बाबाबुदनगिरी म्हणून ओळखला जातो, आणि तिथल्या गुहेला दत्तपीठ मानणारेही आहेत. त्या ठिकाणावरून वाद झाले, कोर्टकज्जे झाले. तरी बी कुणी आणलं आणि कप कुणी उचलला याचा हिशेब कॉफी पिणारा ठेवत नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. माझ्या सोलापुरातल्या मोहल्ल्याच्या नाक्यावरचं हॉटेल जागा सोडतंय. इमारत जुनी झाली, पाडावी लागणार. या हॉटेलात खिमा-पाव आणि चहा मिळतो, पण लोक तेवढ्यासाठीच येत नाहीत. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचे स्कॉलरशिपचे फॉर्म त्याच टेबलांवर भरले गेले. कुणाच्या घरी मयत झाली तर खबर आधी तिथे येते. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कामगार आणि सकाळी कोर्टात निघालेला वकील एकाच बाकावर बसतात. शेजारच्या पेठेतली हिंदू पोरं क्रिकेटचा सामना बघायला येतात, कारण टीव्ही मोठा आणि चाचा कुणाला उठवत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात पाहुणा आला की बसवायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर कित्येक कुटुंबांसाठी हे हॉटेलच आहे.

अशा वेळी आपण हळवे होतो आणि ‘इमारत वाचवा’ म्हणतो. इथे जपून बोललं पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१७ ला मुंबईच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. ज्या भेंडी बाजारात ती होती, तिथे साडेसोळा एकरांवर सुमारे २५० इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. तीन हजारांहून जास्त कुटुंबं आणि हजारापेक्षा जास्त दुकानं त्यात येतात. जीर्ण छताखाली माणसं ठेवून आठवणी जपता येत नाहीत. हॉटेलं हलणार हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पुढचं बोलणं कागदावर असायला हवं. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात पागडीला मान्यता आहे. दुकानाचा भाडेकरू वारला तर त्या जागेत त्याच्यासोबत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. तीस वर्षं कढईसमोर उभ्या असलेल्या आचाऱ्याला मात्र त्या जागेवर काहीच हक्क नाही. पुनर्विकासात जागेइतकी जागा देऊ असं सांगितलं जातं, पण ती तळमजल्यावर की दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या तोंडाला की मागच्या बोळात, धुराड्याची सोय असेल की नाही, हे करारात लिहिलेलं नसलं तर हॉटेलवाल्याच्या हातात चौरस फूट येतात, गिऱ्हाईक येत नाही. मधली तीन-चार वर्षं धंदा कुठे करायचा, हा प्रश्न राहतोच. नव्या जागेसाठी परवानेही पुन्हा बघावे लागतात.

आणखी एक अडचण आपल्या लोकांना वेगळी सांगावी लागत नाही. चाचांनी शहराच्या नव्या भागात गाळे पाहिले. एका ठिकाणी नॉन-व्हेज चालणार नाही असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी फोनवर गाळा रिकामा होता, नाव कळल्यावर तो ‘कालच गेला’ होता. मग उरतात दोनच वाटा, हायवेवरचा ढाबा किंवा मोहल्ल्यातलीच आणखी आतली गल्ली. आतल्या गल्लीत शेजारच्या पेठेतली पोरं सामना बघायला येणार नाहीत. हॉटेल दोनशे मीटर आत सरकतं आणि शहरातली एकत्र बसायची एक जागा कमी होते. आपल्याला गाळा न देणाऱ्यावर राग येतो, तो योग्य आहे. पण आपणही आत सरकण्यात सुरक्षितता शोधली, तर नुकसान दोन्हीकडून होईल.

आणि काही गोष्टी मुद्दाम मागे ठेवायला हव्यात. आपल्या हॉटेलांचं कौतुक करताना एक गोष्ट आपण गाळतो. ही सगळी बैठक पुरुषांची आहे. बायकांसाठी फार तर ‘फॅमिली रूम’, तीही पडद्याआड, तिथे यायचं तर कुटुंबासोबत. माझी बहीण त्याच मोहल्ल्यात वाढली, त्याच कॉलेजात शिकली, पण त्या हॉटेलात एकटी बसून तिने कधी चहा प्यायलेला नाही. तिचा फॉर्म त्या टेबलावर भरला गेला नाही. चर्च स्ट्रीटवर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीकडे कुणी वळून पाहत नाही, तेवढी साधी गोष्ट आपल्या नाक्यावर का होऊ नये? हॉटेल हलणारच असेल तर पडदा सोबत न्यायची काय गरज? नव्या जागेत उजेड असावा, स्वच्छ स्वच्छतागृह असावं, आणि एकटी बाई आली तर वेटरने तिला वर न पाठवता समोरची खुर्ची ओढून द्यावी.

तेव्हा तरुण वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या नाक्यावरच्या हॉटेलचा निरोपाचा फोटो टाकण्याआधी मालकाकडे जाऊन बसा. भाडेपावत्या कुणाच्या नावावर आहेत, करार झालाय का, हे विचारा. ओळखीचा वकील त्यांच्याशी जोडून द्या. कामगारांना भागीदारी किंवा सहकारी संस्था जमेल का, हे त्यांच्यासमोर मांडा. हे लगेच होणार नाही, पण १९५७ साली ते वेटरांनी करून दाखवलंय. पुनर्विकासाच्या बैठकीत रहिवाशांनी तळमजल्याच्या गाळ्याचा मुद्दा आपला म्हणून मांडावा, कारण तो एकट्या हॉटेलवाल्याचा नाही. ज्यांचा पगार चांगला आहे अशा आमच्यासारख्यांनी नव्या जागेच्या अनामतीत बिनव्याजी हातभार लावावा. कर्जे-हसना आपल्याला नवं नाही. आणि नवी जागा सुरू झाली की पहिल्या महिन्यात तिथे जा, बहिणीला सोबत घेऊन जा, शेजारच्या पेठेतल्या मित्रालाही बोलवा. एकदा तिथे बसायची सवय लागली की जागा आपली होते.