दयेचा जमाखर्च

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालून तिला ओवाळणाऱ्या, आणि त्या दिवशी दूधदुभते व गहू वर्ज्य करून बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खाणाऱ्या घरांची संख्या आता घटली असली, तरी ज्या समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या सणाचा आरंभ एका दुभत्या जनावराच्या पूजेने केला, त्याने ते जनावर दुभते राहिले नाही म्हणजे पुढे काय, याचा विचार कितपत केला आहे, हा प्रश्न याच मुहूर्तावर विचारणे आम्हांस उचित वाटते.

पशुधनाचे अर्थकारण शहरातल्या वाचकास दुधाच्या पिशवीपलीकडे सहसा दिसत नाही. जिराईत मुलखात पीक वर्षाकाठी एकदा पैसा दाखविते, आणि तोही पावसाच्या मर्जीने. दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी हाती येतो, आणि पहाटे संकलन केंद्रावर कॅन रिकामा करून फॅट व एसएनएफचे आकडे छापलेली चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधणाऱ्या बाईच्या संसारात किराणा, औषध आणि पोरांची फी त्या चिठ्ठीवरच भागते. 1970 साली सुरू झालेली ‘दूधमहापूर’ योजना आणि 1967 साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बायफ’सारख्या संस्थांनी गावोगाव पोहोचविलेले कृत्रिम रेतन यांच्या बळावर हा देश दुग्धोत्पादनात जगात पहिला झाला आणि 2023-24 साली हे उत्पादन सुमारे 23 कोटी 93 लाख टनांवर गेले. परंतु ज्या संकराने गाईची कास भरली, त्याच संकराने तिचा गोऱ्हा निरुपयोगी ठरविला. कारण त्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, आणि सोसले असते तरी नांगरट आता ट्रॅक्टर करतो. अशा गोऱ्ह्याचे दूध तोडून त्याला दावणीच्या कडेला मरू दिले जाते, ही गोष्ट गोठ्यागोठ्यांत ठाऊक आहे आणि भाषणांत कोठेही येत नाही.

जनावर पोसण्याच्या खर्चाचा हा वाद आजचा नव्हे. महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना गोऱ्या शिपायांच्या आहारासाठी होणारी जनावरांची कत्तल आणि जंगलखात्याने बंद केलेली गायराने या दोहोंचा हिशेब शेतकऱ्याच्या नुकसानीत धरला. सावरकरांनी गोपूजनापेक्षा गोपालनाचा कैवार घेतला. आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी 1964 साली चाऱ्याच्या मानाने जनावरांची संख्या किती असावी, हा अप्रिय प्रश्न आकड्यांच्या भाषेत मांडला. तिघांच्या भूमिका भिन्न. मात्र जनावराच्या आयुष्यामागे वैरणीचा जमाखर्च असतो, हे तिघांनीही नजरेआड केले नाही.

आमच्या कायद्यांना तो जमाखर्च दिसत नाही. महाराष्ट्र राज्याच्या 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईला दिलेले अभय 2015 च्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही लाभले. त्यामागची भावना आम्ही हिणवीत नाही. पण ज्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा ठरतो आणि आदत, दोन दाती, चार दाती अशी दातांवरून किंमत होते, तेथे म्हाताऱ्या बैलाला आता गिऱ्हाईक उरलेले नाही; तो घरी परत येतो आणि नव्या जोडीच्या वैरणीत वाटेकरी होतो. उलट पक्षी, ट्रकमध्ये दाटीवाटीने कोंबून, पाण्यावाचून शेकडो कोस नेल्या जाणाऱ्या जनावरांचे हाल ज्यांना पाहवत नाहीत, त्यांचा संतापही खराच आहे; रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीने जो प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 साली झाला, त्यात पहिल्या अपराधास दंड ठरला तो अवघा दहा ते पन्नास रुपये. बैलगाडा शर्यतींचेही तसेच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यांना परवानगी देणारी राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरविली. शर्यतीमुळेच खिल्लार बैल जातिवंत राहिला, हे गाडामालकाचे म्हणणे आणि शेपटी पिरगाळून धावविणे हा छळ होय, हे प्राणिमित्राचे म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

दयेचा खर्च पूर्वी कोण उचलीत असे, तेही पाहावे. मुंबईत 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा आसरा, उभारली. आणि अशा पांजरपोळांसाठी व्यापारी मालावर स्वखुशीने लाग, म्हणजे पट्टी, बसविण्याची वहिवाट महाजनांत होती. ज्यांना दया हवी होती, त्यांनी तिची किंमत स्वतःच्या तिजोरीतून मोजली. 2024 साली राज्य सरकारने देशी गाईस राज्यमातेचा दर्जा देऊन गोशाळांतील प्रत्येक देशी गाईमागे रोज 50 रुपयांचे अनुदान मंजूर केले, हे योग्यच झाले. मात्र शेतकऱ्याच्या स्वतःच्या दावणीला असलेली भाकड गाय, म्हातारा बैल आणि तो संकरित गोऱ्हा या तिघांच्या वाट्याला त्यातून काहीच आले नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जनावरास अभय देणारा कायदा करावयाचा, तर त्याच्या वैरणीची तरतूद त्याच कायद्यात असावी. गायरानांवरील अतिक्रमणे हटवावीत. मादी वासरेच जन्मावीत यासाठीचे लिंगनिश्चित रेतन अल्पभूधारकास परवडणाऱ्या दराने मिळावे. आणि वाहतुकीतील क्रौर्यास जबर वाटेल असा दंड असावा. जो खर्च समाजाने उचलावयाचा, तो एका कुणब्याच्या खाती टाकून आपण पुण्याचे धनी होणे हा सरळ सरळ अन्याय होय.

या दिवाळी अंकातील लेखन या मताशी सर्वत्र जुळेल असे नाही, आणि तसे जुळावे अशी अपेक्षाही नाही.