सवि सावरकरांचा काळा रंग आणि पुण्याची रंगांधळी नजर



आधी नावाचा घोटाळा मिटवू. हा लेख अंदमानच्या सावरकरांवर नाही. सवि सावरकर हे १९६१ साली नागपुरात जन्मलेले, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आणि पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवणारे आंबेडकरी चित्रकार. पुण्यात ‘सावरकर’ म्हटले की एकच माणूस आठवतो. आपल्या पोरांनाही दुसरा माहीत नसतो. दुखणे तिथेच आहे.

सवींनी आपले पुणे रंगवले आहे. कोणते पुणे? २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’तले झुंबरांचे आणि आरसेमहालाचे नव्हे. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालणाऱ्या अस्पृश्याचे पुणे. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये हेच लिहून ठेवले आहे: पेशव्यांच्या राजधानीत थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके, पावलांची खूण पुसावी म्हणून झाडू. पुस्तकातली ओळ आपण वाचतो आणि पान उलटतो. सवींच्या चित्रासमोर पान उलटता येत नाही. तो माणूस तुमच्याकडे बघत उभा राहतो.

आणि त्याचा रंग! जाड काळी रेषा, अंगावर येणारा लाल, जळता पिवळा. इथे काळा म्हणजे सावली नाही, काळा म्हणजे शरीर. उन्हात राबलेले, गावाबाहेर ठेवलेले, तरीही ताठ उभे असलेले शरीर. आपल्या भाषेत ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे जन्माने मिळालेली पायरीसुद्धा. एकाच शब्दात दोन्ही कोंबणाऱ्या समाजात चित्रकाराने कोणता रंग कोणाला दिला, हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न कसा असेल?

राजा रविवर्म्याचा छापखाना पुण्याजवळ, लोणावळ्याशेजारी मळवलीला होता. तिथून निघालेल्या गोऱ्या, दागिन्यांनी मढलेल्या देवी घराघरांतल्या भिंतींवर गेल्या आणि देव असाच दिसतो, सुंदर बाई अशीच असते, हे लोकांच्या डोळ्यांत बसले. सवींनी याच डोळ्यांशी भांडण मांडले. त्यांची देवदासी पाहा. तिच्यात लाडिकपणा नाही, नटवेपणा नाही. देवाच्या नावाने जिचे शरीर गावाच्या स्वाधीन केले, ती बाई तिथे उभी आहे. आणि त्यांच्या चित्रांतले शेंडी-जानव्याचे धर्ममार्तंड पूज्य दिसत नाहीत, भेसूर दिसतात.

यावर प्रस्थापितांचे ठरलेले उत्तर असते: ‘हे भडक आहे, हा प्रचार आहे.’ ठीक. मग गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांचे काय? १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक. त्यांनी चेहरे वेडेवाकडे केले, जाड काळ्या रेषांनी माणूस फाडला, धर्मगुरूंना सोलून काढले. त्याला बंडखोर आधुनिकता म्हणून दाद मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. जर्मन अभिव्यक्तिवाद्यांनी हिरवे-पिवळे चेहरे रंगवले, ते कलेच्या इतिहासात गेले. तीच तीव्रता एका आंबेडकरी चित्रकाराने जातीवर रोखली की मात्र ती ‘भडक’ कशी होते? रंग भडक नसतो मित्रांनो, प्रश्न भडक असतो. जेएनयूतले कला-इतिहासकार वाय. एस. अलोने यांनी याला नेमका शब्द दिला आहे: संरक्षित अज्ञान. म्हणजे माहीत नाही असे नाही. माहीत होऊ नये याची काळजी घेतली जाते.

आता घरातल्या आक्षेपाकडे येतो. आपलेच काही तरुण म्हणतात, ‘पुन्हा ते मडके कशाला? आम्हाला निळ्या कोटातले बाबासाहेब हवेत, अपमान नको.’ ही भावना मला कळते. पण कोट हा विजय आहे आणि मडके हा पुरावा आहे. पेशवाईचे गुणगान रोज नव्या रंगात विकले जात असताना आपण पुरावा माळ्यावर टाकला, तर उद्या आपलीच मुले विचारतील, ‘खरेच असे होते का?’ शिवाय सवींचा माणूस दयेची भीक मागत नाही. तो साक्ष देतो. साक्षीदाराला लाज वाटायचे कारण नाही; लाज आरोपीला वाटायला हवी.

ही साक्ष वाया गेलेली नाही. गॅरी मायकेल टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेल्या २०१२ च्या ‘दलित आर्ट अँड व्हिज्युअल इमेजरी’ या इंग्रजी ग्रंथात सवींच्या कामाची दखल आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीत विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचा इतिहास कॅनव्हासवर आणत आहेत. प्रभाकर कांबळे यांच्या ‘उतरंड’मध्ये मातीची मडकी एकावर एक चढतात आणि जातीची रचनाच समोर उभी राहते. हे कलावंत सवींची नक्कल करत नाहीत. पण जातीचा अनुभव हा आधुनिक कलेचा विषय आहे, हे दार ज्यांनी धक्के मारून उघडले, त्यांत सवींचे नाव पहिल्या रांगेत आहे.

दलित कवितेच्या ओळी आपल्याला तोंडपाठ असतात. आपल्या चित्रकारांची पाच नावे सांगता येतात का? नसतील, तर संरक्षित अज्ञान आपल्याही घरात शिरले आहे. म्हणून कामाला लागा. वसतिगृहातल्या अभ्यासमंडळाची एक बैठक चित्रांवर घ्या. विहारात आणि वाचनालयात, रीतसर परवानगी काढून, या चित्रांच्या प्रती लावा. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा डीजेऐवजी चित्रप्रदर्शनाला द्या. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी वर्गात उठून विचारावे: आधुनिक भारतीय कलेच्या अभ्यासक्रमात सवि सावरकर कुठे आहेत?

पुण्याने त्या माणसाच्या गळ्यात मडके बांधले. त्याचे चित्र पुण्यात मानाने लागले पाहिजे, आणि ते लावण्याचे काम आपले आहे.

जय भीम!