चालता संगणक भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली. तेव्हापासून आमच्या पारोळ्यातही ‘नवा संगणक घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा, दुसरी बसवून तिच्यावर लिनक्स मिंट टाका. मग जुनी परत जोडा. कागदपत्रं, फोटो जागेवरच राहतात. संगणक सुरू करताना हवी ती डिस्क निवडा. इंटरनेटचं काम लिनक्सवर करा; फक्त विंडोजवर चालणाऱ्या कामासाठी जुनी डिस्क आहेच. लिनक्स मोफत आहे, त्यात मराठी-उर्दू दोन्ही लिहिता येतं. वजू करताना पाणी वाया घालवणं आपण इसराफ मानतो. मग मुलांच्या अभ्यासाला पुरेल असं यंत्र फेकून हप्त्यावर नवं घेणं, हा इसराफ नाही तर काय?