गावाकडे जायचे, पण मैदान कुणाचे?

कोरोनानंतर मुंबई-ठाण्यातल्या आपल्या अनेक घरांत एक विषय वारंवार निघतो: आता कोकणात जाऊन राहायचे. कुणी निवृत्त झालेले असते, कुणाचे काम घरून चालते, कुणाच्या मुलाला दमा असतो. डॉक्टर सांगतात, रोज चाला. चालायचे कुठे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगते. चाळीच्या किंवा एसआरए इमारतीच्या जिन्यात वाढणाऱ्या मुलाला हा तास मिळणे कठीणच. चालण्याचे मोल आपल्याला नवे नाही. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांत आजार कमी होणे आणि खाल्लेले पचणे हेही आहेत.

मग काही जण विचारतात, बाबासाहेबांनी तर गाव सोडायला सांगितले होते ना? खरे आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी गावाला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके ठरवले. पण त्यांचा आक्षेप गावच्या हवेला नव्हता. त्या हवेत आपल्या माणसाला मोकळा श्वास घेता येत नव्हता, याला होता. त्यांच्या घराण्याने हे अनुभवले होते. सुभेदार रामजी महूहून निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन दापोलीला आले. दापोलीचा कॅम्प उंचावरचा, थंड, झाडांचा, समुद्र जवळ; आपले बरेच लष्करी पेन्शनर तिथे राहत होते. हवापाणी उत्तम होते. तरीही त्याच दशकात तिथल्या पेन्शनरांना आमची मुले शाळेत घ्या म्हणून सरकारदरबारी अर्ज करावे लागले. सुभेदारांचे कुटुंब पुढे साताऱ्याला गेले.

म्हणून आरोग्यासाठी गाव निवडताना पहिला प्रश्न हवेचा नसावा, असे माझे मत आहे. गावातली मोकळी जागा आपल्या मुलांसाठी खरोखर मोकळी आहे का, हा तो प्रश्न. संविधानाचे कलम १५ (२) विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करते. कायद्याने प्रश्न मिटला आहे. गावात तो मिटला आहे की नाही, हे संध्याकाळी पाच वाजता मैदानावर उभे राहिल्यावर कळते. कोकणात क्रिकेट वाडीवार चालते. बौद्धवाडीचा संघ वेगळा असणे समजू शकते, पण इतर वाड्यांतली पोरे एरवी त्यांच्यात मिसळून खेळतात का? ज्या विहिरीत गावची मुले पोहायला शिकतात, तिथे आपली मुलेही उडी मारतात का? १४ एप्रिलची मिरवणूक गावच्या मुख्य रस्त्याने जाते, की वाडीतल्या वाडीत फिरून विहाराशी संपते? हे थेट विचारले तर सगळे म्हणतील, आमच्याकडे तसले काही नाही. विचारू नका, दोन-तीन दिवस राहून बघा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली का, आणि रिक्षावाला अजून कोणते नाव घेतो, यावरूनही बरेच समजते.

बायकांचे चालणे हीही एक कसोटीच. घरातली बाई संध्याकाळी एकटी दोन किलोमीटर चालून येऊ शकत नसेल, तर त्या गावाच्या निसर्गाचा फायदा फक्त पुरुषांना. तिची शुगर मुंबईत होती तेवढीच राहणार.

इथे थोडे अप्रिय वाटेल असे सांगतो. गाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मूळगावची वाडीच येते. आजोबांचे घर, मुंबई मंडळाची वर्गणी, मे महिन्यातली लग्ने. भावना समजते, पण आरोग्यासाठी कुटुंब हलवायचे तर आतल्या वाडीपेक्षा तालुक्याच्या गावाचा कडेचा भाग बहुधा बरा. (शिवाय वाडीतल्या घराच्या उताऱ्यावर वीस नावे असतात आणि कौल बदलायलाही वीस जणांना विचारावे लागते. रक्तदाब तिथेच वाढतो.) दापोलीचेच बघा. शाळा-महाविद्यालये आहेत, एसटीचे आगार आहे, सरकारी रुग्णालय आहे, बाजार आहे. मुरूड-कर्देचा किनारा जवळ, रमाईंचे वणंद तालुक्यातच, शेजारच्या मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळगाव आंबडवे. पन्हाळेकाजीची २९ लेणीही याच तालुक्यात, त्यांतली सुरुवातीची बौद्धांची. महिन्यातून एका रविवारी मुलांना घेऊन तिथे उतरले तर चालणे होते आणि इतिहासही पायाखालून जातो. अनोळखी शेजारात सुरुवातीला एकटे वाटेल, हे मान्य. पण तिथे कुणी तुमच्या आजोबांच्या पायरीवरून तुमची पायरी ठरवत नाही, किंवा निदान तेवढ्या सहज ठरवत नाही.

रुग्णालयाचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नका, रात्री दोन वाजताच्या मिनिटांत करा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तो कुठे होतो, १०८ ची गाडी कुठून येते, हे घर बघायच्या दिवशीच विचारून घ्या. घरात हृदयविकाराचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर कितीही सुंदर किनारा असो, तूर्त जाऊ नये.

साप-विंचवाची भीती घालण्यात अर्थ नाही, पण माहिती हवी. फुरसे कोकणात बरेच आढळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. ते जवळच्या सरकारी दवाखान्यात आहे का, ते पाहा. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मरणारी असंख्य मुले वाचली. ते ज्ञान कोकणातच जन्मले आहे, तरी आजही काही जण आधी मांत्रिकाकडे जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे होऊ नये. चावा बसला की तो भाग हलवायचा नाही, घट्ट बांधायचा नाही, कापायचा नाही, सरळ रुग्णालय गाठायचे. रात्री बॅटरी आणि पायात बूट, बस.

पाऊस हा वेगळाच विषय. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांत टँकर येतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. डोंगराच्या पायथ्याचा, ओढ्याकाठचा स्वस्त प्लॉट अनेकदा आपल्यालाच दाखवला जातो. वस्त्या पूर्वीपासून कुठे ढकलल्या गेल्या ते आठवा आणि तसा प्लॉट नाकारा. पावसाळ्यात समुद्रात पोहायचे नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा. त्या चार महिन्यांत घरात किंवा विहारात करता येईल असा व्यायाम ठरवून ठेवा, नाहीतर मुंबईहून आणलेला मोबाईल तिथेही हातात राहतोच.

दिवाळीत किंवा मे महिन्यात सहलीला जाऊन घर बुक करण्याची घाई करू नका. मुंबईतली खोली विकूही नका. तालुक्याच्या गावी जून ते मे असे एक वर्ष भाड्याने राहा, मुलांचे नाव तिथल्या शाळेत घाला, आणि वर्षाच्या शेवटी मुलांनाच विचारा की संध्याकाळी ते कुणाकुणाबरोबर खेळतात, आणि पाणी प्यायला कुणाच्या घरी जातात.