धरसोड कीं धडपड?

गेल्या महिन्यांत आमच्या कशेळ्याच्या घरीं रात्रीच्या जेवणानंतर लहानशी घरसभाच भरली. माझ्या वडील बंधूंच्या चिरंजीवानें तिसरी नोकरी सोडली होती. प्रथम खोपोलीकडील एका कारखान्यांत कोठाराची देखरेख, मग विम्याची एजंटी, त्यानंतर फार्महाऊसें विकणाऱ्या एका गृहस्थाकडे हिशेबनिशी. आणि आतां म्हणे वृत्तपत्राचा वार्ताहर होणार! घरांत पत्नी, दोन वर्षांची मुलगी. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही त्याचे काका आणि मास्तरहि. ही धरसोड आतां पुरे, असें तुम्हीच सांगा.”

मीं सांगण्याचें कबूल केलें. माझें सारें आयुष्य एका खुर्चीवर व एका फळ्यासमोर गेलें. तेव्हां स्थैर्यावर व्याख्यान देण्यास मजहून योग्य माणूस कोण?

अशा प्रसंगीं आपल्या घरांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें किंवा न. चिं. केळकरांचें नांव निघतें. परंतु शास्त्रीबोवांनीं सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली, केळकर साताऱ्याची वकिली सोडून १८९६ सालीं पुण्यास आले; हे एक वाट सोडून दुसरी धरणारे. आमच्या मुलाची जात निराळी. त्याला शोभेल असें उदाहरण मला आपल्याच जिल्ह्यांत, पनवेलास सांपडलें. तेथें १७ सप्टेंबर १८८५ रोजीं जन्मलेले केशव सीताराम ठाकरे, म्हणजेच प्रबोधनकार.

हें नांव घेतांना मला किंचित् अडखळल्यासारखें झालें, हें लपवीत नाहीं. भिक्षुकशाहीवर त्यांनीं जे आसूड ओढले, ते आपल्यासारख्या घरांच्या पाठीवरच. आमच्या आजोबांच्या माजघरांत त्यांचें पत्र कधीं आलें नाहीं. परंतु ज्याचें मत रुचत नाहीं त्याच्या कष्टांकडेहि पाहूं नये, असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

त्यांची मॅट्रिकची परीक्षा पैशाच्या अडचणीपायीं राहिली. मग दुकानांच्या पाट्या रंगविणें, रबरी शिक्के करणें, पुस्तकबांधणी, छायाचित्रें, विम्याची एजंटी, नाटक कंपनीचा व्याप, आणि अखेर सार्वजनिक बांधकाम खात्यांत कारकुनी. आमच्या घरसभेनें त्यांनाहि धरसोडे ठरविलें असतें! १६ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं मुंबईस ‘प्रबोधन’ पाक्षिक काढलें. पुढें ती सरकारी नोकरीहि सोडली. तेव्हां मागचें कोणतें काम वायां गेलें? पाट्या रंगविणाऱ्यास अक्षर लांबून कसें वाचलें जातें हें ठाऊक असतें. पुस्तक बांधणाऱ्यास कागदाची नड कळते. विमा विकणाऱ्यास अनोळखी माणसाच्या ओटीवर बसून त्याला बोलतें करण्याची विद्या येते. आणि नाटकवाल्यास लोक कोठें उठून जातात तें समजतें. वर्तमानपत्र हा धंदाच असा आहे कीं त्याला बाहेरच्या साऱ्या धंद्यांचें अन्न लागतें.

पांच घरांची माधुकरी मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण धरसोड्या म्हटलें नाहीं. किती उंबरे झिजविले हें न पाहतां, झोळींत काय पडलें आणि तें अंगीं लागलें कीं नाहीं, एवढेंच पाहिलें. धरसोड आणि धडपड यांतील भेद एवढाच.

मात्र या कथेचा उत्तरार्धहि मुलांना सांगितला पाहिजे. ‘प्रबोधन’चा संसार मुंबईहून साताऱ्यास, तेथून पुण्यास हलवावा लागला, आणि शेवटीं तें पत्र बंद पडलें. नांव राहिलें, पैसा राहिला नाहीं. आजहि तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजें, आणि पुष्कळदां जाहिराती आणण्याचा भार त्याच्याच गळ्यांत.

मीं पुतण्यास बोलावून विचारलें, “तीन नोकऱ्यांतून काय घेऊन आलास?”

तो म्हणाला, “काका, कोठारांत नोंद आणि माल यांतला फरक ओळखायला शिकलों. विम्यानें लोकांच्या घरांत नेलें. हिशेबनिशींत सातबारा वाचायला शिकलों. कोणाची जमीन कशी जाते तें पाहिलें. भिवपुरीच्या विद्युत्केंद्राच्या पाण्यानें आपली पेज नदी भर उन्हाळ्यांत वाहते, आणि वरच्या ठाकूरवाड्यांतल्या बायका हंड्यासाठीं डोंगर उतरतात. हें कोणीतरी नीट लिहायला नको?”

माझें व्याख्यान घशांतच राहिलें. मीं त्याला तीन अटी घातल्या. एक वर्षभर कोणा दुकानाचे हिशेब लिहून घरखर्चाचा वांटा द्यावा. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचें त्याला आधीं प्रत्यक्ष भेटून विचारावें. आणि ज्याची जाहिरात घ्यावी त्याची बातमी स्वतः लिहूं नये. पहिल्या दोन त्यानें तत्काळ मान्य केल्या. तिसरीवर तो कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “ही कठीण आहे, काका; पण प्रयत्न करीन.” लगेच होकार दिला असता तर मला शंका आली असती.

वहिनींस मीं एवढेंच सांगितलें कीं वर्षभर थांबूं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु दुसऱ्या दिवशीं पहांटे तो वाडीवर निघाला, तेव्हां त्याच्या पिशवींत भाकरीचें गांठोडें त्यांनींच ठेवलेलें मीं पाहिलें.