अभिजात मराठी आणि फोटोशॉपमधलं एक सेटिंग

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण फ्लेक्सच्या दुकानात तासभर बसलात तर कळेल, आपली भाषा अडते ती फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव मंगळवेढा. सुट्टीला गेलो की ओळखीच्या एका फ्लेक्सवाल्या काकांचा कॉम्प्युटर बघणं हे माझं ठरलेलं काम. मागच्या वेळी फोटोशॉप फार अडकत होतं. मी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट दाबून धरत ते सुरू केलं आणि प्रेफरन्सेस रीसेट केले. काकांनी 'मंगळवेढा' टाइप करून बघितलं, बरोबर आलं. चहा घेऊन मी घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अरे, श्रद्धांजलीचा बोर्ड बिघडलाय. दहाव्याला न्यायचाय, घरचे लोक दुकानात उभे आहेत."

चूक माझीच होती.

नेमकं काय बिघडलं?

युनिकोडमध्ये 'श्र' असं एक अक्षर साठवलेलं नसतं. श, हलन्त आणि र असे तीन संकेत ओळीने असतात. ते जोडून 'श्र' काढायचं काम टेक्स्ट इंजिनचं. 'वि' मध्येही आधी व आणि मग वेलांटी साठवलेली असते. ती अक्षराच्या डावीकडे नेऊन ठेवणारं तेच. इंजिन लॅटिन लिपीवर असलं की हलन्त सुटे दिसतात, वेलांटी उजवीकडे जाते. 'विठ्ठल'चा पार चुराडा होतो.

आणि 'मंगळवेढा', 'दामाजी', 'चोखामेळा'? यात जोडाक्षर नाही, पहिली वेलांटीही नाही. म्हणून ही नावं ठीक दिसतात आणि आपण फसतो.

उपाय

एडिट, प्रेफरन्सेस, टाइप इथे जा. फोटोशॉप २०२२ च्या आधीच्या आवृत्त्यांत टेक्स्ट इंजिनचे पर्याय असतात; त्यातल्या जुन्यांमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' आणि नंतरच्यांमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. आधीच टाइप केलेला मजकूर बिघडलेला असेल तर तो निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून हाच लेआउट द्या. रीसेट केल्यावर किंवा नवी आवृत्ती टाकल्यावर हे पुन्हा तपासा.

मग श्री-लिपी कशी चालते?

अनेक दुकानं अजून श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे कुठलंही इंजिन चालतं. पण फॉन्ट बदलला, किंवा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केला, की हाती गचाळ अक्षरं. असा मजकूर शोधातही सापडत नाही. म्हणजे दुकानात वर्षानुवर्षं टाइप झालेली मराठी कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच.

मला वाटतं, खरा मुद्दा डीफॉल्टचा आहे. या आवृत्त्यांत सोय आहे, पण ती आपण शोधून चालू करायची. आणि ती आहे हे काकांना कोणी सांगायचं? दर्जा मिळाल्यावर संशोधन, अनुवाद यांची चर्चा झाली. तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्यांना युनिकोडवर आणणं त्या यादीत हवं, कारण रोजची मराठी तेच छापतात.

तो बोर्ड मी फोनवरूनच सेटिंग सांगून दुरुस्त करून घेतला, वेळेत गेला. आता काकांच्या मॉनिटरला एक चिठ्ठी चिकटवलीय: छपाईआधी 'विठ्ठल' टाइप करून बघणे.